साधी गाठ, जुना कागद

आज एका शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द साधा आहे. खरे तर तो शब्दच 'साधा' हा आहे. आमच्या भायखळ्यात जे. जे. रुग्णालयाच्या फाटकातून माणूस बाहेर पडला की घरचे आधी एकच विचारतात, "गाठ कसली निघाली?" "साधी आहे," असे उत्तर आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कुणाकडे फातिहा होऊन शिरनी वाटली जाते, कुणाकडे सत्यनारायण होतो. तपासणीच्या कागदांचे पाकीट कपाटावर जाते आणि घरापुरते ते प्रकरण मिटते.

वैद्यकाच्या भाषेत साध्या गाठीला 'बिनाइन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भल्या स्वभावाची, असा आहे. तिच्या उलट ती 'मॅलिग्नंट', म्हणजे दुष्ट वृत्तीची. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे, म्हणून या शब्दापाशी थबकलो. एखाद्याला भल्या स्वभावाचा म्हणणे म्हणजे त्याला वर्तणुकीचा दाखला देणे. दाखल्यावर तारीख असते. त्या तारखेपर्यंत वागणूक चांगली होती, एवढेच तो सांगतो. पुढच्या वीस वर्षांची हमी तो देत नाही. हाडांतल्या काही साध्या गाठींनी ही गोष्ट वैद्यकाला फार महाग पडून शिकवली. गाठीवर उपचार झाले, माणूस बरा झाला, विसरूनही गेला. आणि बऱ्याच वर्षांनी नेमक्या त्याच जागी कर्करोग उभा राहिला. कित्येकदा त्याचे बीज त्या उपचारातच होते. ती हकिगत आज सांगतो.

हाडांत होणाऱ्या गाठी पुष्कळ प्रकारच्या. त्यांतली एक 'जायंट सेल ट्यूमर'. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात अनेक केंद्रके असलेल्या मोठमोठ्या पेशी दिसतात, म्हणून हे नाव. ही गाठ बहुधा वीस ते चाळीस या वयात होते आणि हाडाच्या टोकाला, सांध्यालगत बसते. गुडघ्याजवळ मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात, नाही तर मनगटाशी. पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियात ती अधिक आढळते. म्हणजे ऐन कमावत्या वयात, माणसाच्या नेमक्या कामाच्या सांध्यावर ती घाला घालते. हाड आतून पोखरते, काढली तरी पुन्हा उगवते. क्वचित तिचे तुकडे फुप्फुसातही जातात. आणि एवढे करूनही तिची गणना साध्या गाठींतच होते.

लंडनचे शल्यवैद्य सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१८ मध्ये या गाठीचे वर्णन केले. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेट यांनी १८५३ मध्ये आणि पॅरिसमध्ये नेलातों यांनी १८६० मध्ये तिचा अभ्यास मांडला. तरीही हाडात गाठ म्हणजे पाय कापायचा, हाच त्या काळचा सर्रास रिवाज राहिला. गाठ कोणती हे ठरवण्याआधी करवत हातात यायची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉ. जोसेफ ब्लडगुड यांनी या रिवाजाला हरकत घेतली. ही गाठ कर्करोग नाही, ती खरवडून काढली तर पाय वाचतो, असे ते सांगत राहिले. १९१२ मध्ये त्यांनी तिला 'बिनाइन जायंट सेल ट्यूमर' असे नावच दिले. 'साधी' हा शब्द अशा रीतीने तिला चिकटला. त्या एका शब्दाने किती पाय वाचले असतील! शब्दाचे हे उपकार आधी मान्य करायला हवेत. मग त्याच्या उण्याकडे वळू.

गाठ खरवडली तरी ती परत यायची. दोनदा, तीनदा यायची. पाठीच्या मणक्यात किंवा कमरेच्या हाडात असली तर तिथे हत्यार पोचायचेच नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या हाताशी एक नवे साधन आले होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. दोन-तीन महिन्यांत ते जगभर गाजले आणि पाहता पाहता फोटो काढण्याबरोबर रोग जाळण्यासाठीही वापरले जाऊ लागले.

तो काळच नव्या शास्त्रावर भरवसा टाकण्याचा होता. आमच्या भायखळ्याने त्यातला एक मोठा प्रसंग जवळून पाहिला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा डॉ. हाफकिन इथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करायला बसले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या, तयार झालेल्या कैद्यांना टोचली. लसीचा ताप त्याच दिवशी चढला, गुण काही दिवसांत कळला. औषध चांगले की वाईट, याचा निकाल हाफकिनना डोळ्यांसमोर पाहता आला. किरणांचे तसे नव्हते. त्यांचा गुण आठवड्यांत दिसे. सूज ओसरे, दुखणे थांबे, हाड पुन्हा भरून येई. त्यांचा दोष मात्र दहा, पंधरा, वीस वर्षांनी दिसणार होता. तोवर उपचार करणारे डॉक्टर निवृत्त झालेले, रुग्णाने घर बदललेले. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचे कागद एकत्र कोण आणणार?

इशारे मात्र मिळत होते. १९०२ मध्ये हँबर्गमध्ये क्ष-किरणांच्या नळ्या तपासणाऱ्या एका कामगाराच्या हाताला कर्करोग झाल्याची नोंद झाली. अमेरिकेत एडिसन यांचे सहकारी क्लॅरन्स डॅली किरणांनी हात गमावून १९०४ मध्ये वारले. ते झाले त्वचेचे. हाडांबाबतचा पहिला ठळक इशारा १९२२ मध्ये आला. जर्मनीतील डॉ. बेक यांनी लिहिले की, सांध्याच्या क्षयासाठी किरण दिलेल्या काही रुग्णांना पुढे त्याच ठिकाणी 'सार्कोमा', म्हणजे हाडाचा कर्करोग झाला. या रुग्णांना आधी गाठ नव्हती, क्षय होता. मग कर्करोग कुठून आला, हा प्रश्न निघाला आणि तसाच राहिला.

दुसरा इशारा घड्याळांच्या कारखान्यातून आला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी तरुण मुली घड्याळाच्या तबकडीवर अंधारात चमकणारे आकडे रंगवत. रंगात रेडियम होते. कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत, तसे त्यांना शिकवलेले असे. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते. काही वर्षांत या मुलींचे जबडे सडू लागले. तिथले सरकारी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ मध्ये रेडियमकडे बोट दाखवले आणि १९२९ मध्ये याच मुलींतल्या हाडांच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. १९२८ मध्ये त्यांच्यातल्या पाच जणींनी कंपनीशी भांडून भरपाई मिळवली होती. निरोगी हाडातही किरणोत्सर्ग कर्करोग निर्माण करू शकतो, हे त्यांच्या जिवावर सिद्ध झाले.

तरीही साध्या गाठींवर किरण देणे थांबले नाही. त्या डॉक्टरांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्यासमोर काय होते ते पाहा. एका बाजूला आजच्या आज पाय कापणे, दुसऱ्या बाजूला वीस वर्षांनी होईल न होईल असा धोका. लालबाग-परळच्या गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस पाय कसा देणार? पाय गेला की नोकरी गेली. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही किरणच मागितले असते.

प्रश्नाला नीट रूप आले ते १९४८ मध्ये. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील डॉ. विल्यम काहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या हाडात सार्कोमा झालेले अकरा रुग्ण एकत्र मांडले. अकराच. काहींच्या हाडात आधी साधी गाठ होती. काहींचे हाड निरोगी होते, शेजारच्या दुसऱ्या आजारासाठी दिलेल्या किरणांच्या वाटेत ते आले होते. काहन यांनी केवळ आरोप केला नाही, पुराव्याच्या अटी घातल्या. पहिली अट, आधीचा आजार साधाच होता याचा सूक्ष्मदर्शकाचा किंवा क्ष-किरण फोटोचा पुरावा हवा. दुसरी, नवा कर्करोग किरण पडलेल्या जागेतच उगवलेला हवा. तिसरी, मध्ये बराच निवांत काळ, निदान पाच वर्षे, गेलेला हवा. आणि चौथी, नवी गाठ खरोखर सार्कोमा आहे हे तुकडा तपासून ठरलेले हवे. किरकोळ फेरफार होऊन या अटी आजही वापरल्या जातात.

या अटी मला फार बोलक्या वाटतात. चारांपैकी पहिल्या तीन जुन्या कागदावाचून पुऱ्या होतच नाहीत. आधीचा फोटो नाही, जुनी काचपट्टी नाही, किरण कुठे आणि किती दिले याची नोंद नाही, तर माणसाला काय झाले हे कळेल, पण का झाले हे कधीच कळणार नाही. अकरा रुग्णांचा तो अहवाल जगाला शहाणा करून गेला, कारण त्या अकरा जणांचे कागद कुणीतरी जपले होते.

आमच्या चाळीत एक खाला होत्या. नात्याने कुणाच्याच नाहीत, सगळ्या मजल्याच्या खाला. मदनपुऱ्यातून कापड आणायच्या आणि पायमशीनवर कपडे शिवायच्या. १९६२ च्या सुमाराला त्यांच्या उजव्या गुडघ्याशी गाठ आली होती. तपासली, साधी निघाली. पाय काढायचा की किरण घ्यायचे, असा प्रश्न होता. त्यांनी किरण घेतले. त्या काळी आमच्याकडे त्याला 'लाइट घेणे' म्हणत, उत्तरेकडचे लोक 'सिकाई' म्हणत. सूज उतरली. खाला पुन्हा मशीनवर बसल्या आणि सतरा वर्षे त्या पायाने मशीन चालवली. दोन मुलांची शिक्षणे त्या मशीनवर झाली.

१९७९ मध्ये गुडघा दुखू लागला. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. कुणी सांधेदुखी म्हटले, कुणी वात म्हटले. लेप झाले, गोळ्या झाल्या. जुन्या गाठीचे नाव घरात कुणी काढलेच नाही, कारण ती साधी होती आणि बरी झाली होती. कागद दोनदा खोली बदलताना हरवले होते. काही महिने असेच गेले. शेवटी एका डॉक्टरांनी गुडघा उघडा करून नीट पाहिला. तिथली कातडी पातळ, तपकिरी झालेली होती, तिच्यावर लाल बारीक रेषांचे जाळे होते, एकही केस नव्हता. त्यांनी विचारले, "इथे कधी लाइट घेतले होते का?" कागद नव्हता, पण कातडीने नोंद ठेवली होती.

पाय मांडीपासून काढावा लागला. तोवर उशीर झाला होता. दोन वर्षांच्या आत खाला गेल्या. मी त्यांचा डबा घेऊन जात असे. एकदा त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या, "भाई, साधी होती असंच सांगितलं होतं ना?" वडील नुसते मान हलवून गप्प बसले. उत्तर त्यांच्याकडे नव्हते. आज मला वाटते, खोटे कुणीच बोलले नव्हते. १९६२ मध्ये गाठ साधीच होती. किरणांनी सतरा वर्षे दिली हेही खरे, आणि बहुधा किरणांनीच पुढची नेली हेही खरे. चूक एवढीच की 'साधी' या शब्दाबरोबर 'जन्मभर लक्ष ठेवा' हे तीन शब्दांचे वाक्य कुणी दिले नाही, आणि दिले असेल तर ते कागदाबरोबर हरवले.

असे का होते, तेही थोडक्यात पाहू. किरण पेशीच्या गाभ्यातला गुणसूत्रांचा धागा तोडतात. बहुतेक पेशी त्याने मरतात, तोच उपचार. पण काही पेशी तुटका धागा कसाबसा सांधून जगतात. सांधा चुकीचा बसला तर ती चूक पिढ्यान् पिढ्या पुढे जाते, तिच्यात नव्या चुकांची भर पडते आणि वर्षांनंतर त्यातली एखादी पेशी बेबंद वाढू लागते. जुन्या यंत्रांनी हे अधिक घडवले, त्यालाही कारण आहे. त्या यंत्रांचे किरण कमी शक्तीचे असत. असे किरण मऊ मांसापेक्षा कॅल्शियमने भरलेल्या हाडात कितीतरी जास्त शोषले जातात. डॉक्टर मोजून द्यायचे एक मात्रा आणि हाडाच्या वाट्याला यायची त्याहून मोठी. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टची यंत्रे सुरू झाली, पुढे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर आले, तेव्हा हा फरक बराच कमी झाला.

आता भायखळ्याहून थोडे उत्तरेला, परळला जाऊ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. तिथल्या विकृतिशास्त्र विभागाची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहून 'साधी' की 'वाईट' हे सांगणाऱ्या विभागाची, घडण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. योगायोग असा की खानोलकरांचा जन्म १८९५ चा, क्ष-किरणांच्या शोधाच्याच वर्षाचा. १९५२ मध्ये परळलाच त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. अणुचाचण्यांच्या भीतीने जग धास्तावले असताना संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञांची समिती नेमली. तिच्यात भारताचे प्रतिनिधी म्हणून खानोलकर होते. परळच्या प्रयोगशाळेतला माणूस साऱ्या जगाला पडलेल्या त्या प्रश्नापाशी बसला होता. किरण माणसाला किती तारतात आणि किती मारतात, हाच तो प्रश्न.

१९६२ मध्ये हे रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, असे पुष्कळांना वाटते. ज्या शक्तीने हाडात रोग पेरता येतो तीच शक्ती मोजून-मापून वापरली तर रोग जाळता येतो, आणि हे मोजमाप अणुशास्त्रज्ञांच्या हातचे आहे, हे त्याचे एक उत्तर आहे. आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. मूळ गोव्याचे हे शल्यवैद्य १९६९ मध्ये वारले. गावाहून आलेली माणसे त्या रस्त्यावर पत्ता विचारत येतात तेव्हा ते नाव घेतात, माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आणखी एक काम मुंबईत झाले, जे दिसायला कारकुनी होते. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने, मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली ही अशी पहिली नोंदणी. शहरात कर्करोग झालेला प्रत्येक माणूस, मग तो कुठल्याही रुग्णालयात गेलेला असो, एका वहीत यायला हवा, ही तिची कल्पना. रुग्णालयांत जाऊन केसपेपर चाळणारी, मृत्यूच्या नोंदी ताडून पाहणारी माणसे यासाठी लागतात. त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत. पण दहा-वीस वर्षांनी उगवणारा रोग पकडायचा तर डॉक्टरांच्या नजरेइतकीच या माणसांच्या चिकाटीची गरज असते.

मग आज काय स्थिती आहे? जायंट सेल ट्यूमर आता बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच काढतात. गाठ खरवडायची, पोकळीची भिंत वेगाने फिरणाऱ्या यंत्राने घासून काढायची, फिनॉलसारख्या रसायनाने उरलेल्या पेशी मारायच्या आणि पोकळी हाडाच्या सिमेंटने भरायची. हाड फारच खाल्ले गेले असेल तर तेवढा भाग काढून धातूचा सांधा बसवतात. अशी कामे परळला टाटामध्ये नेहमीची झाली आहेत. किरण राखून ठेवले आहेत ते जिथे हत्यार चालवणे अशक्य आहे अशा जागांसाठी, आणि तेही नव्या यंत्रांनी.

२०१३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. या गाठीच्या बहुसंख्य रुग्णांत एकाच जनुकातला एकच बदल असतो, हे ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यामुळे ही गाठ तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या गाठींपासून वेगळी ओळखणे सोपे झाले. त्याच वर्षी अमेरिकेत या गाठीसाठी डेनोसुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. त्याने गाठ गोठते, आक्रसते. पण ते घेतलेल्या थोड्या रुग्णांमध्येही पुढे गाठ कर्करोगाकडे वळल्याच्या नोंदी आल्या आहेत. तो औषधाचा दोष, की गाठीत आधीपासूनच लपलेला रोग, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. औषध नवे आहे, प्रश्न जुनाच आहे, आणि उत्तर पुन्हा त्याच ठिकाणी आहे: इंजेक्शन घेतलेल्या माणसावर वर्षानुवर्षे नजर ठेवणाऱ्या कागदात.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या, नाही तर माझ्या बोलण्याने भलताच घोळ व्हायचा. पहिली, असे रूपांतर फार थोड्यांत होते. जायंट सेल ट्यूमरच्या शंभर रुग्णांत दोन-चार, आणि त्यांतही सगळे किरणांमुळे नव्हे. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांतही ते क्वचित दिसते. हाडाच्या इतर काही साध्या गाठींचेही असेच आहे. एखादी एकटीदुकटी कूर्चेची गाठ सहसा त्रास देत नाही, पण ज्यांच्या अनेक हाडांत अशा गाठी असतात त्यांना आयुष्यभर तपासणी लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आज कुणाच्या आईला स्तनाचा कर्करोग असेल, कुणाच्या वडिलांना घशाचा, आणि डॉक्टरांनी किरण सांगितले असतील, तर हे ऐकून ते नाकारू नका. तिथे समोरचा रोग आजचा आहे आणि किरणांनी असंख्य माणसे वाचतात. किरणांचा धोका विचारात घ्यायचा असतो तो समोरच्या रोगाच्या धोक्याशी तोलून. साध्या गाठीच्या बाबतीत तराजूचे ते पारडे हलके होते, म्हणून तर हा सगळा विचार करावा लागला.

राहता राहिले आपले, सामान्य माणसांचे काम. जुन्या एक्स-रे फिल्मचे आपण काय करतो, आठवून पाहा. ग्रहण लागले की पोरे तिच्यातून सूर्य बघतात. डोळ्यांना ते घातक आहे, तरी बघतात. कुणी खिडकीच्या फुटक्या काचेला लावतो. उरलेल्या भंगारवाल्याकडे जातात, कारण फिल्ममधून चांदी निघते. भंगारवाल्याला तिची किंमत कळते, आपल्याला कळत नाही.

आणि हेच आपण भाड्याची पावती मात्र कशी जपतो! आमच्या भायखळ्यातल्या कुठल्याही चाळीत जा. आजोबांच्या नावाची, १९५०-५५ ची भाडेपावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर. बिल्डर येईल, पुनर्विकास होईल, तेव्हा आपण इथलेच असल्याचा तोच पुरावा. खोली जाऊ नये म्हणून सत्तर वर्षे कागद सांभाळणारी माणसे आपण, पाय जाऊ नये म्हणून वीस वर्षे कागद का सांभाळू नये?

हाडाची कुठलीही गाठ काढली असेल, मग ती कितीही साधी असो, तिचा अहवाल त्या पेटीत ठेवा. कुठली गाठ, कुठल्या हाडात, कुठल्या साली, शस्त्रक्रिया झाली की किरण घेतले की इंजेक्शन, हे चार ओळींत लिहून ठेवा आणि घरातल्या एका तरुण माणसाला सांगून ठेवा. डॉक्टर बदललात तर ते चार शब्द नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बऱ्या झालेल्या जागी पुन्हा दुखू लागले, सूज आली, तर वात म्हणून लेप लावत बसू नका. आणि तपासणीला बोलावले असेल त्या तारखेला, काहीही दुखत नसले तरी, जा. काही दुखत नसताना रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. त्या रांगेत गेलेला अर्धा दिवस फुकट गेला, असे डॉक्टरांनी सांगितले की समजावे, तो दिवस चांगला गेला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)